डास हटवायचे तर सुरुवात कॉइलपासून नको: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी कामाचा क्रम

दिवेलागणीला खिडक्या लावायच्या, कोपऱ्यात कॉइल पेटवायची, प्लगला मशीन लावायचं आणि बॅट घेऊन सोफ्यावर बसायचं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये हेच चालतं आणि कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांतही हेच. तरी सकाळी पोरांच्या पायांवर गांध्या असतातच. कारण क्रम उलटा लागलेला असतो. कॉइल आणि मशीन ही शेवटची कामं आहेत. आधी पाणी, मग सोसायटी, मग जाळ्या, मग आत अडकलेले डास, मग अंग झाकणं आणि शेवटी मशीन-कॉइल. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पाणी, सोसायटी आणि जाळ्या टाळून पुढे गेलात तर पैसे जातील, डास राहतील.

१. आधी ओळखा, डास कोणता आहे

आपल्याकडे त्रास देणारे डास तीन प्रकारचे. तिघांचं पाणी वेगळं, चावायची वेळही वेगळी.

*एडिस.* काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा हाच. चावतो दिवसा; सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यावर जास्त. पाणी लागतं स्वच्छ, साठलेलं आणि थोडंसं. तो फार लांब उडत नाही, त्यामुळे घरात दिसला तर त्याचं पाणी तुमच्या घरात, शेजारी किंवा इमारतीतच असण्याची शक्यता जास्त.

*ॲनोफेलिस.* मलेरियाचा डास. भिंतीवर बसला की मागची बाजू वर उचललेली, तिरका दिसतो. शहरात त्याला गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामाच्या जागी साठवलेलं पाणी आवडतं. चावतो रात्री.

*क्युलेक्स.* रात्री कानाशी गुणगुणणारा, मातकट रंगाचा. हत्तीरोगाचा प्रसार करतो. याला घाण पाणी लागतं: तुंबलेली गटारं, नाले, संडासाची टाकी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाल्यांचं पाणी वाहायचं थांबतं आणि खाडीलगतच्या सेक्टरांत, कळवा-कोलशेतकडे डासांचे थवे येतात, ते बहुतेक हेच.

> इथे चूक होते: दिवसा चावणाऱ्या डासासाठी लोक नाल्याची तक्रार करतात आणि रात्रीच्या क्युलेक्ससाठी कुंड्या उपसत बसतात. दोन्ही कामं चांगली, पण ज्या त्रासासाठी केली तो त्याने जात नाही. दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा: चावतोय कधी, आणि मेलेल्या डासाच्या पायावर पट्टे आहेत का.

२. तयारी: पाहणीचं सामान आणि दिवस

एक चांगला टॉर्च, एक पांढरा वाडगा, तारेची किंवा काथ्याची घासणी, बारीक नायलॉन जाळीचे तुकडे, बांधायला बारीक तार, आणि वही. वही का, ते सोसायटीच्या पायरीत कळेल.

आठवड्यातला एक वार पक्का करा. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. दर सात दिवसांनी पाणी मोडलं तर साखळी तुटते. पंधरा दिवसांनी मोडलं तर एक पिढी उडून गेलेली असते. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून दारोदार सांगत असतात, त्यामागचं गणित हेच. रविवारच ठेवला पाहिजे असं नाही. ज्या दिवशी घरात दोन माणसं मोकळी असतील तो वार घ्या, आणि जूनची वाट न बघता मे महिन्यातच सुरू करा.

३. घरातलं पाणी शोधा आणि घासा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे वेळ द्या.

पाहणी स्वयंपाकघरापासून सुरू करा. फ्रीज भिंतीपासून पुढे ओढा. मागे, खाली, कॉम्प्रेसरच्या वर एक उथळ ट्रे असतो. फ्रीजमधलं वितळलेलं पाणी तिथे जमतं. बऱ्याच घरांत हा ट्रे फ्रीज विकत घेतल्यापासून कुणी पाहिलेला नसतो. टॉर्च मारा. धुळीचा थर असलेल्या त्या पाण्यात स्वल्पविरामाएवढं काही वळवळताना दिसलं, तर डेंग्यूचा डास तुमच्याच स्वयंपाकघरात वाढतोय.

मग या जागा:

- मनी प्लांटच्या बाटल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, तुळशीखालची थाळी
- ग्रीलच्या आत रचलेलं सामान: रिकामे डबे, रंगाच्या बादल्या, करवंट्या
- एसीच्या पाण्याचा पाईप जिथे सोडलाय ती बादली किंवा छज्जा
- कूलर, अगदी बंद करून ठेवलेलासुद्धा
- पाणीकपातीसाठी भरून ठेवलेली पिंपं, टप, कळश्या
- पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं
- कमी वापराच्या बाथरूममधला कमोड आणि नहाणी ट्रॅप

अळी बघायची एक पद्धत आहे. सावली पडली किंवा पाणी हललं की अळ्या झटकन तळाला जातात आणि आपल्याला पाणी स्वच्छ वाटतं. म्हणून भांडं न हलवता मिनिट-दोन मिनिटं थांबा. श्वास घ्यायला त्या वर येतातच. शंका असेल तर थोडं पाणी पांढऱ्या वाडग्यात काढा. वाडग्यात अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहिल्या तर ॲनोफेलिस, डोकं खाली करून तिरक्या लटकल्या तर एडिस किंवा क्युलेक्स.

आता खरं काम. पाणी ओतून देणं म्हणजे काम झालं, असं नाही. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवते. काजळीचे कण लागल्यासारखी ती दिसतात, किंवा दिसतच नाहीत. भांडं कोरडं पडलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून क्रम असा:

1. पाणी ओता, पण गटारात किंवा मोरीत नाही. तिथे पाणी साठलेलं असेल तर अळ्या जगतात. कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर ओता.
2. आतली कड, विशेषतः पाण्याची रेषा उमटलेली जागा, घासणीने जोर लावून घासा.
3. पाण्याने खळबळून ते पाणीही मातीवरच टाका.
4. शक्य असेल तर भांडं उन्हात पालथं घाला.
5. मगच पुन्हा भरा आणि लगेच झाका.

पिंप झाकायचं तर पूर्ण. फळी आडवी टाकून दोन्ही बाजूंना फट ठेवली तर एडिसला आडोसा आणि अंधार आपणच करून दिला. झाकण बसत नसेल तर सुती कापड ताणून दोरीने आवळून बांधा. कापड मध्ये झोळ पडून पाण्याला टेकता कामा नये. मनी प्लांट मातीत लावलेला बरा. बाटलीतच हवा असेल तर दर आठवड्याला मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि बाटली ब्रशने आतून घासा. पक्ष्यांचं भांडं हटवू नका, बिचाऱ्यांना मे महिन्यात तोच आधार असतो. फक्त पाणी रोज बदला आणि भांडं रोज घासा.

> तपासा: घासून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच जागा टॉर्चने पुन्हा बघा. अळ्या दिसल्या तर घासणं अपुरं झालंय.

४. सोसायटी: गच्चीपासून तळापर्यंत

एकट्या फ्लॅटने ही लढाई होत नाही. सेक्रेटरी, वॉचमन आणि प्लंबर यांना घेऊन एक फेरी मारा. वरून खाली या, म्हणजे काही सुटत नाही.

*गच्ची.* टाकीचं झाकण आहे एवढं बघून परतू नका. ते घट्ट बसतं का ते हाताने हलवून बघा. ओव्हरफ्लोच्या पाईपाचं तोंड आणि हवेचा पाईप उघडा असतो, तिथे जाळी तारेने बांधा. ‘आमच्या पाण्यात क्लोरीन असतं, अळ्या होणार नाहीत’ असं बरेच जण सांगतात. पिण्याच्या पाण्यात जेवढं क्लोरीन असतं तेवढ्याने अळ्या मरत नाहीत. पावसाळ्यात गळतीसाठी अंथरलेली निळी ताडपत्री हा आपल्याकडचा मोठा कारखाना आहे: तिच्या प्रत्येक घडीत वेगळं डबकं. ताडपत्री उतार देऊन ताणून बांधा आणि दर आठवड्याला घड्या झटका.

*मधले मजले.* छज्जे, पन्हळी आणि डक्ट, म्हणजे पाईपांसाठी ठेवलेली उभी पोकळी. डक्टच्या तळाशी वरच्यांनी टाकलेल्या पिशव्या आणि बाटल्या साचतात, गळक्या पाईपांचं पाणी त्यांत भरतं. आधी गळती बंद करा, मग डक्ट साफ करा. उलट केलंत तर महिन्यात पुन्हा तेच.

*तळ.* लिफ्टचा खड्डा, पंपाची खोली, पाण्याच्या मीटरचे चेंबर, तळघरातलं पार्किंग. लिफ्टच्या खड्ड्यात स्वतः उतरू नका. लिफ्टच्या देखभालीचा माणूस आला की त्याच्याकडून बघून घ्या. जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण गंजून भोकं पडली असतील तर बदलाच.

*संडासाची टाकी.* जुन्या चाळी, गावठाणं आणि बैठ्या घरांत हिचा व्हेंट पाईप वर आलेला असतो. त्याच्या तोंडाला जाळी बांधली की क्युलेक्सचा मोठा रस्ता बंद होतो. काम काही मिनिटांचं आणि खर्च किरकोळ, तरी दहातले नऊ पाईप उघडे दिसतात. टाकीच्या झाकणाच्या भेगाही सिमेंटने बुजवा.

*शेजारचं बांधकाम.* पुनर्विकासामुळे ठाण्यात आणि वाशी-नेरूळला आता प्रत्येक गल्लीत एक खड्डा आहे. स्लॅबवर पाणी साठवून क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पक्कं करणं, चालतं, पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी महिनोन् महिने असतं. साइट इंजिनिअरला भेटून आठवड्यातून एक दिवस ते पाणी काढायला आणि खड्ड्यात अळीनाशक टाकायला सांगा. ऐकलं नाही तर तक्रार.

तक्रार करताना वही कामाला येते. ठाण्यात प्रभाग समितीकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात लेखी द्या: नेमकी जागा, तारीख, अळ्या दिसल्याचा फोटो. आणि मागणी नीट करा. ‘धूर मारा’ नको, ‘अळीनाशक फवारणी करा आणि पाणी काढा’ असं लिहा. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही. धुराची गाडी आली की लोक दारं-खिडक्या गच्च लावून बसतात, तेही चूक. घरात लपलेल्या डासांपर्यंत धूर पोचायचा तर थोडा वेळ खिडक्या उघड्या हव्यात. अन्नपाणी झाका; तान्ही मुलं आणि दम्याची माणसं आधीच बाहेर लांब न्या.

> सावधान: शोभेच्या हौदात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या हिवताप विभागाकडे विचारा. पण ते तलावात किंवा खाडीत सोडू नका, तिथल्या मूळ जीवांना ते त्रासदायक ठरतात. अळ्या मारायला जळकं तेल टाकायचं तर फक्त बंदिस्त, घाण पाण्याच्या डबक्यात. खाडीच्या किंवा पिण्याच्या पाण्यात कधीच नाही. आणि पिण्याच्या टाकीत अळीनाशक स्वतःच्या अंदाजाने टाकू नका, मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यालाच ठरवू द्या.

खाडीकडच्या लोकांसाठी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. डास झाले की ‘ती खारफुटी काढा’ अशी मागणी होते. जिथे भरती-ओहोटीचं पाणी मोकळेपणाने आत-बाहेर करतं, तिथे अळ्यांना टिकणं अवघड असतं आणि मासेही त्या खातात. त्रास होतो तो राडारोडा टाकून पाण्याची वाट अडवली, की मागे राहणाऱ्या डबक्यांत. तक्रार त्या भरावाची करा.

५. जाळ्या: फट शोधणं हेच काम

जाळीच्या मच्छरदाणीला दर चौरस इंचाला 156 छिद्रं हे जुनं, मान्य माप आहे. खिडकीची जाळीही साधारण तेवढीच बारीक घ्या. त्याहून फार दाट घेतली तर वारा अडतो आणि मग तुम्हीच ती उघडी टाकता.

बहुतेक घरांत जाळी असते, पण डास तिच्या बाजूने येतात. सरकत्या खिडकीत जाळीचं तावदान आणि काचेचं तावदान वेगवेगळ्या रुळांवर असतं. काच अर्धवट उघडी ठेवली की दोघांच्या मध्ये उभी फट राहते, अगदी वरपासून खालपर्यंत. काच एकतर पूर्ण एका टोकाला सरकवा, किंवा पूर्ण बंद करा. वेल्क्रोच्या जाळीत कोपरे आधी सुटतात. खिडकीत बसवलेल्या एसीच्या कडा, एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि केबलसाठी पाडलेली भोकं राहून जातात.

आणि सगळ्यात मोठं दार म्हणजे बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी. ती डक्टमध्ये उघडते, डक्टमध्ये डास असतात, आणि तिला जाळी लावायचं कुणाच्या मनात येत नाही. हॉलच्या महागड्या जाळीआधी तिथे साधी नायलॉन जाळी ठोका.

> तपासा: दुपारी खोलीत अंधार करून एकेका खिडकीजवळ उभे राहा. कडेने उजेडाची रेघ दिसली तिथून डास येतो.

मुख्य दाराच्या सेफ्टी डोअरला आतून जाळी लावा. खिडक्या लावायची वेळ घड्याळावर नको, सूर्यावर ठेवा: मावळण्याच्या अर्धा तास आधी. जूनच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. वर्षभर ‘साडेसहाला खिडक्या’ हा नियम थंडीत उशिराचा ठरतो.

६. आत राहिलेले डास

जाळी लावायच्या आधी घरात शिरलेले डास आता आतच अडकलेत. ते अंधाऱ्या, स्थिर जागी बसतात: दारामागे खुंटीवर टांगलेले कपडे, पडद्यांच्या चुण्या, पलंगाखाली, चपलांच्या कपाटात. कपडे झटका, कपाटात ठेवा, पडदे हलवा, पंखा लावा. डास कमजोर उडणारा. चालू पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट उतरता येत नाही.

स्प्रे मारायचा तर याच लपायच्या जागांवर, हवेत नाही. माशांची काचपेटी झाकून तिचा हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद करा, ही औषधं माशांना विषारी असतात. माणसं बाहेर काढून डब्यावर लिहिलेला वेळ खोली बंद ठेवा, मग खिडक्या उघडून हवा खेळू द्या. स्प्रेनंतर लगेच बॅट फिरवू नका, ठिणगीने भडका उडू शकतो.

७. अंग आणि अंथरूण

मच्छरदाणीला अजून तोड नाही. लोंबती ठेवू नका, गादीखाली चारी बाजूंनी खोचा. आत शिरताना आधी आतले डास बघा. हात-पाय जाळीला टेकले की बाहेरून चावतो, म्हणून ती पुरेशी मोठी घ्या. बाळ दुपारी झोपतं तेव्हाही लावा, कारण एडिस दिवसाचा आहे.

शाळेत जाणाऱ्या मुलांना पावसाळ्यात पूर्ण बाह्या आणि लांब मोजे. अंगाला लावायच्या औषधांत डीट किंवा पिकारिडीन हे डास दूर ठेवणारे घटक असलेली भरवशाची. उघड्या अंगावर सगळीकडे पातळ थर लावा. मनगटावर एक ठिपका लावून उपयोग नाही. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, हे नंतर. मुलांना आपल्या हाताने लावा, त्यांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ आणि जखमेवर नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावू नका, मच्छरदाणीच.

८. मशीन, कॉइल, धूप

आता यांची पाळी. मशीन झोपायच्या अर्धा तास आधी लावा, उशाशी नको, आणि खोलीत थोडी हवा येऊ द्या. बंद खोलीत कॉइल पेटवणं फुप्फुसांना वाईट. फारच लागली तर गॅलरीत. कडुनिंबाची धुरी, कापूर याने थोडा वेळ बरं वाटतं, पण तेवढ्यावर लहान मुलांना सोडू नका, आणि घरात दमा असेल तर धूर नकोच. मोबाइलमधलं ‘डास पळवणारा आवाज’ आणि तसली यंत्रं घेऊ नका, त्याने डास हलत नाहीत.

डास मारायची स्वस्त अगरबत्ती घेताना पाकीट उलटून बघा. कीटकनाशक विकायला केंद्रीय नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक आणि घटक छापलेले नसतील तर ती घरात आणू नका.

९. गणपतीला गावी जाताना

आठ-दहा दिवस घर बंद म्हणजे डासांची पूर्ण एक पिढी. निघायच्या आदल्या दिवशी फ्रीजचा ट्रे रिकामा करून घासा, पिंपं पालथी घाला, कुंड्यांच्या ताटल्या उचला, मनी प्लांट शेजारच्या काकूंकडे द्या. कमोडचं झाकण लावा, नहाणी ट्रॅपवर जाळी किंवा प्लास्टिक टाकून वर वजन ठेवा. गुंतवणूक म्हणून घेऊन वर्षानुवर्षं बंद ठेवलेले फ्लॅट तुमच्या इमारतीत असतील, तर मालकांकडून महिन्यातून एकदा तरी उघडून घ्या आणि सोसायटीच्या ठरावात ते लिहा.

१०. तरीही ताप आला तर

अंगावर काढू नका. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 ही रक्ततपासणी उपयोगाची, त्यानंतर आयजीएम ही दुसरी रक्ततपासणी. मलेरियासाठी रक्तनमुना वेगळा द्यावा लागतो. कोणती कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं ही लक्षणं बरेचदा ताप उतरतानाच दिसतात. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

आणि तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला एडिस काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्यांना आजार देऊ शकतो. त्याच दिवशी टॉर्च घेऊन तिसरी पायरी पुन्हा करा, वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांनाही करायला सांगा, आणि आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे त्यांचे कर्मचारी आजूबाजूची घरं तपासतील.